दोन टिकांमधलं अंतर

माझ्याकडे येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. घरी लॅपटॉपला माईक जोडून काहीतरी रेकॉर्ड केलेलं असतं. हरिपाठ असतो, शाळेचा पाठ असतो, नाहीतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत रिक्षावर वाजवायची जाहिरात. आणि त्यात मागे बारीक टिक, टिक चाललेली असते. फाईल व्हॉट्सॲपवर येते आणि खाली मजकूर असतो, "दादा, एवढी टिकटिक काढून द्या." मी उलट विचारतो, "दोन टिकांमध्ये अंतर किती आहे?" यावर समोरचा वैतागतो. बहुधा त्याला वाटतं, हा माणूस काम टाळतोय.

माझं सगळं काम मात्र त्या अंतरावर चालतं. टिक ठरावीक वेळाने येते की मनाला येईल तशी? ठरावीक येत असेल तर किती सेकंदांनी? दिवसा येते का रात्री? एवढं कळलं की तिचा मालक निम्मा सापडलेला असतो. आवाज पुसायचं सॉफ्टवेअर आज कोणाकडेही आहे. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट मिळतं आणि त्यात टिचक्या काढायची सोयही आहे. मी ते सगळ्यात शेवटी उघडतो. आधी पुसापुशी केली की मालक शोधायचा राहून जातो, आणि पुढच्या रेकॉर्डिंगला तो पुन्हा हजर.

मोजायची ही खोड मला श्रीरामपूरला लागली. नव्वदच्या दशकात तिथे एका दुकानात कामाला होतो. बाहेर पाटी होती, 'कॅसेट भरून मिळतील'. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणत, आम्ही साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट भरून देत असू. अधूनमधून कोणी वडिलांच्या वेळच्या लाखेच्या तबकड्या घेऊन यायचं, नाट्यसंगीताच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. तबकडीवर आडवा ओरखडा असला की सुई दर फेरीला त्यावरून जाते आणि टक् वाजतं. ७८ फेऱ्यांच्या हिशेबाने ०.७७ सेकंदाला एक टक्. एलपीचा वेग ३३⅓, तिथे तोच ओरखडा १.८ सेकंदांनी बोलतो. दुकानाचे मालक पाठमोरे बसून सांगायचे, "ही ओरखड्याची, ही धुळीची." धुळीची टक् ठेका धरत नाही, एवढीच त्यातली खुबी. धुळीला मऊ ब्रश पुरतो, ओरखड्याला तो पुरत नाही. ब्रश हातात घ्यायचा की नाही, हे ते कानाने ठरवायचे.

पुढे कॅसेट गेली, सीडी गेली, दुकानही गेलं. मी घरीच एका खोलीत गाद्या आणि गोधड्या टांगून रेकॉर्डिंग करायला लागलो. मग बाकीच्यांनीही घरी तेच सुरू केलं, आणि त्यांच्या खोल्यांत काय वाजतंय हे शोधत फिरणं हा माझा दुसरा धंदा झाला.

प्रवरेच्या डाव्या कालव्याखालच्या एका वस्तीवरचं प्रकरण सांगण्यासारखं आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या एक मॅडम घरी मुलांसाठी पाठ रेकॉर्ड करत. माईक बरा, माईक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस बरा, वाचन तर फारच छान. पण प्रत्येक पाठात टिक, टिक. मी मोजलं तर सव्वा सेकंदाच्या आसपास, आणि अगदी एकसारखं. फोनवर विचारलं, "मॅडम, रविवारी दिवसा कधी रेकॉर्ड केलंय का?" त्यांनी एक पाठ पाठवला, तो स्वच्छ होता. शाळेच्या दिवशी त्या संध्याकाळी सातनंतर बसत, आणि टिकटिक होती ती सगळी संध्याकाळचीच. लॅपटॉपला, माईकला दिवस-रात्र कळत नाही. म्हणजे मालक घराबाहेर होता.

गेलो, तेही संध्याकाळीच. माईकची वायर काढली तरी टिक होतीच, थोडी बारीक झाली. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला तर जवळजवळ गेली. चार्जरच्या तिसऱ्या पिनेतून, म्हणजे घराच्या अर्थिंगमधून काहीतरी वर चढत होतं. आता अर्थिंगमध्ये सव्वा सेकंदाला ठोके कोण देणार? माझ्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर आहे, मीडियम वेव्हचा. तो दोन स्टेशनांच्या मधे लावला की नुसती खरखर ऐकू येते, आणि जवळपास ठिणगी उडत असेल तर त्या खरखरीत टक् उमटते. तो कानाला लावून अंगणात उतरलो. मक्याच्या वावराकडे जाऊ तसा आवाज वाढत गेला. बांधावर तारेचं कुंपण होतं, आणि गोठ्याच्या भिंतीला झटका मशीन.

झटका मशीन आमच्याकडे आता घरोघर आहे. सोलरची छोटी पाटी, एक बॅटरी आणि डबा. डुकरं मका आणि ऊस उलथून टाकतात, म्हणून संध्याकाळी मशीन चालू करायचं आणि सकाळी बंद. दर सेकंद-सव्वा सेकंदाला ते तारेत काही हजार व्होल्टचा ठोका सोडतं. ठोका क्षणाच्याही अंशाइतका, म्हणून जनावर दचकतं पण मरत नाही. (काही लोक मशीनचे पैसे वाचवायला घरातली लाईट सरळ तारेत सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्याने माणसं मेलेली आहेत, हे जाईन तिथे सांगतो.) तारेला कुठे ओलं गवत टेकलेलं असलं की तिथे ठिणगी उडते. बांधाच्या कोपऱ्यावर हराळी आणि केनीचा गुंता तारेपर्यंत चढला होता. टॉर्च विझवून अंधारात उभा राहिलो तर निळी ठिणगी दिसत होती, आणि हातातला ट्रान्झिस्टर तिच्याबरोबर टक् करत होता.

पण गवताने एवढं झालं नसतं. मशीनला स्वतःचा अर्थिंगचा दांडा लागतो, आणि त्याला ओली जमीन लागते. घरालगत बारमाही ओली जमीन एकच, मोरीमागची, जिथे धुण्याभांड्याचं पाणी मुरतं. घराच्या अर्थिंगचा खड्डाही त्याच कारणाने तिथेच खणलेला. मशीन बसवणाऱ्याने दांडा त्याच्यापासून दीड हातावर ठोकला होता. कुंपणाचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून निदान दहा मीटर लांब असावं, असा नियम आहे. नियम दूर राहिला, दोघं एकाच चिखलात उभे होते. तारेत सोडलेला ठोका जमिनीतून परत येताना घराच्या अर्थिंगमध्ये शिरत होता, आणि तिथून मॅडमच्या पाठात.

मॅडमचे सासरे बाजेवर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "मशीन बंद करायला सांगू नका बरं का. एका रात्रीत मका साफ होईल."

"बंद नका करू, आबा. दांडा हलवा, आणि तारेखालचं गवत काढा."

"तिकडं कोरडी जमीन आहे, तिथं ते चालंल का?"

हा प्रश्न बरोबर होता. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या जमिनीत अर्थिंग म्हणजे नुसतं लोखंड पुरल्यासारखं. शेवटी दांडा पाण्याच्या हौदाच्या पलीकडे नेला, जिथे जनावरं पाणी पिताना सांडतात. संध्याकाळी मशीन सुरू करून पुन्हा रेकॉर्ड केलं. टिक गेली होती. पुसलेली टिक परत येऊ शकते, ही यायला कोणाला तरी तो दांडा उपटून परत मोरीमागे ठोकावा लागेल.

झटका मशीनचा हा सव्वा सेकंद डोक्यात एवढा बसला की पुढे एकदा श्रीरामपूरच्या एका पोराच्या ट्रॅकमध्ये सेकंदाला एक टिक ऐकल्यावर मी पहिल्यांदा कुंपणच विचारलं. तो फ्लॅटमध्ये राहणारा, तिसऱ्या मजल्यावर. हसला. त्याच्याकडे जुना डिजिटल मिक्सर होता, त्यातून ऑप्टिकल वायरने आवाज इंटरफेसमध्ये घेतलेला. वायर चांगली, दोन्ही यंत्रं चांगली. पण डिजिटल यंत्रात एक घड्याळ असतं. ४८ हजारांवर रेकॉर्डिंग म्हणजे ते घड्याळ सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजून घेतं. इथे दोन्ही यंत्रं आपापल्या घड्याळावर चालत होती. दोन घड्याळांत लाखात दोनाचा फरक असला, आणि तेवढा सहज असतो, तरी ४८ हजारांत साधारण एक माप सेकंदाला कमी पडतं किंवा जास्त होतं. जिथे ते माप गळतं तिथे लहर तुटते आणि टिक वाजते. इंटरफेसला सांगितलं, तुझं घड्याळ सोड आणि मिक्सरचं धर. मेनूमध्ये एक खूण बदलायची होती, बस.

दोन्हीकडे अंतर जवळजवळ सारखं, पण स्क्रीनवर लहर मोठी करून बघितली तर दोन टिका एकमेकींसारख्या मुळीच नव्हत्या. कुंपणाची टिक म्हणजे उंच काटा आणि त्यामागे थरथरत विरत जाणारी शेपटी. घड्याळाच्या टिकेला शेपटी नाही, लहर चालता चालता एक पायरी चुकल्यासारखी सरळ खाली पडते. शिवाय माईक बंद करून निव्वळ शांतता रेकॉर्ड केली तर घड्याळाची टिक ऐकू येत नाही, कारण तुटायला लहरच नसते. कुंपणाची शांततेतही येते.

लॅपटॉपच्या स्वतःच्या टिका वेगळ्या, आणि त्यांचा बंदोबस्तही चटकन होतो. बफर, म्हणजे एका वेळी घ्यायचा मापांचा तुकडा, ६४ किंवा १२८ वर ठेवलेला असतो. ४८ हजारांवर १२८ म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदसुद्धा नाही. तेवढ्या वेळात लॅपटॉपला आधीचा तुकडा लिहून पुढचा घ्यायला तयार राहायचं असतं. मधेच त्याने दुसरं काम काढलं की तुकडा गळाला. ही टिक ठेका धरत नाही, लॅपटॉपवर भार आला की घोळक्याने येते. बफर ५१२ करायचा. आणि दर मिनिटाला एक चट् येत असेल तर वायफाय बघायचं, ते ठरावीक वेळाने आजूबाजूचं नेटवर्क धुंडाळत असतं. अर्ध्या-पाऊण तासाचा हरिपाठ सलग घ्यायचा असला तर मी लॅपटॉप आधी विमान मोडवर टाकतो.

घराच्या टिका मात्र कोणत्याही मेनूत नसतात. पत्र्याचं घर संध्याकाळी बोलतं. दिवसभर तापलेला बारा फुटी पत्रा तीस अंशांनी निवला तर सव्वा-दीड मिलिमीटर आक्रसतो, आणि खिळ्याने जखडलेला असल्याने सरळ न आक्रसता अडून अडून सुटतो. प्रत्येक सुटण्याला एक टण्. सुरुवातीला पटापट, मग विरळ, आणि दोनेक तासांनी थांबतात. म्हणून पत्र्याच्या घरात मी सूर्य मावळल्यावर लगेच रेकॉर्डिंग ठेवत नाही. विहिरीवरच्या मोटारीचे ऑटो स्विच हे आणखी एक. थ्री फेजची लाईट आली की शिवारातल्या मोटारी पाठोपाठ उठतात, व्होल्टेज खाली बसतं आणि घरातल्या इन्व्हर्टरचा रिले कट् करून उलटतो. आणि पाल. ट्यूबलाईटमागची पाल पाच-सहा चुक-चुक एका दमात काढते, आणि रेकॉर्डिंगला बसलेली अर्धी मंडळी लगेच जमिनीवर बोटं वाजवून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात. पालीचा आवाज पुसता येतो, कृष्ण कृष्ण पुसता येत नाही.

पावसाळ्यात कंडेन्सर माईकचा वेगळाच ताप. त्याच्या आतला पडदा आणि मागची तबकडी यांत केसाएवढी फट असते, तिथे दमट हवा शिरली की विजेची गळती होते आणि हेडफोनमध्ये लाह्या फुटायला लागतात. अंतर मोजायला जावं तर काहीच जमत नाही, आणि न जमणं हीच त्याची ओळख. माईक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा, वापराआधी थोडा वेळ उबदार कोरड्या खोलीत ठेवायचा. फुंकर मारायची नाही, फुंकरीतही वाफ असते.

माणसाच्या तोंडाचीही टिकटिक असते. कीर्तनकार बुवा बसल्या बसल्या गोड चहा घेतात, वर पेढा. साखरेने लाळ चिकट होते आणि जीभ टाळूपासून सुटताना प्रत्येक शब्दाआधी च्क् वाजतं. मंडपात ते कोणाला कळत नाही, वीतभर अंतरावरच्या माईकला सगळं कळतं. "माऊली, चहा नंतर, आधी कोमट पाणी," एवढंच मी सांगतो. बुवांना चहा नाही म्हणणं हे या सगळ्या धंद्यातलं अवघड काम आहे.

हे सगळे मालक शोधायचे ते हाकलण्यासाठी. पाथर्डी तालुक्यात एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायला गेलो तेव्हा मात्र गोष्ट निराळी झाली. नातवाने बोलावलं होतं. आजींच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि जात्याच्या दर फेऱ्याला हात पुढून मागे येताना त्या एकमेकींवर आपटत. नातू म्हणाला, "आजी, बांगड्या काढून ठेव." आजींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. मग त्याने मनगटावर मऊ रुमाल बांधला. आजींनी दोन ओव्या म्हटल्या, तिसरीत अडखळल्या, आणि रुमाल सोडून टाकला. म्हणाल्या, "याच्यानं ध्यान राहत नाही, लेकरा." त्या बांगड्यांच्या आवाजावरच चरण तोडत होत्या. जात्याचा घुर्र सतत चालू, त्यातून फेरा कुठे संपला ते कळत नाही. ते बांगडी सांगते. मी मोजलं, दोन सेकंदांच्या अलीकडेपलीकडे, आणि ओवी जशी रंगात येई तसं अंतर थोडं कमी होई. यंत्राचं अंतर असं हलत नाही.

मग बांगड्या राहू दिल्या आणि माईक हलवला. जातं फिरवणारा हात उजवा, म्हणून माईक डावीकडून तोंडापासून वीतभर अंतरावर, त्याची पाठ बांगड्यांकडे. माईक पाठीमागून कमी ऐकतो. बांगड्या ऐकू येतात, पण आजींच्या मागे उभ्या राहून.

गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे पारीच्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. त्यातही घरातले, अंगणातले आवाज आहेत. कोणी ते घासूनपुसून काढले असते तर ओवी कुठे, कशी बसून म्हटली जाते ते कळलंच नसतं, असं माझं मत आहे.

सॉफ्टवेअरला हा विवेक नाही. त्याच्या लेखी एकाएकी उठणारा आणि लगेच संपणारा प्रत्येक आवाज टिचकीच. एका भजनी मंडळाच्या पोराने हरिपाठावर टिचक्या काढायचा उपाय चांगला ताणून चालवला. पत्र्याचा टण् गेला, त्याबरोबर चिपळ्या गेल्या. पखवाजाचा 'ता' बोथट झाला आणि शब्दांतले ट आणि क बोबडे झाले. मंडळाचे म्हातारे विणेकरी ऐकून म्हणाले, "कोणाचा हरिपाठ आहे हा?" मूळ फाईल त्याने जपून ठेवली होती, हे नशीब. तिच्यातले पत्र्याचे आवाज मी एकेक निवडून हाताने काढले, चिपळ्यांना हात न लावता. संध्याकाळ गेली. पैसे सांगितले तर पोरगा म्हणाला, "ॲपमध्ये एक बटण दाबलं की होतं ना हो हे?"

आता शेतीची लाईट दिवसा यायला लागलीय, निदान काही फीडरवर. २०१७ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रायोगिक प्रकल्प आमच्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला होता. आमच्या शिवारात ज्यांना दिवसाची लाईट मिळाली त्यांच्या मोटारी सकाळी उठतात, आणि रात्री ऑटो स्विचचा त्रास राहिलेला नाही. पत्रा नऊपर्यंत निवतो. म्हणजे हरिपाठ घ्यायला रात्री नऊनंतरची वेळ सगळ्यात चांगली. तसं मी मंडळाला सांगितलं. ते म्हणाले, "नऊ वाजता? ऊस उभा आहे, बिबट्या रस्त्यावर येतो. आम्ही सातला येऊ आणि आठला निघू." सात ते आठ पत्रा चालू असतो. यंदाही हाताने निवडावं लागणार.